मोर सगळ्यांचा, मजुरी विणकराची

प्रस्तावना

लग्नसराई तोंडावर आली की इंदिरानगरातल्या बुटीकमध्ये एकच संवाद दिवसभर कानावर पडतो. रथचक्र चौक असो, चेतनानगर असो की राजीवनगर, इमारतीच्या तळमजल्यावरच्या गाळ्यात गिऱ्हाईक मोबाइल पुढे करतं. स्क्रीनवर एखाद्या नटीने घातलेल्या, नामांकित डिझायनरच्या ब्लाउजचा फोटो असतो आणि प्रश्न ठरलेला असतो : ‘ताई, सेम टू सेम होईल ना?’ ताई फोटो मोठा करून बघतात. गळ्याची खोली, बाहीवरचं आरी काम, पाठीवरच्या लटकनाचा गोंडा न्याहाळतात आणि ‘होईल की’ म्हणतात. मग कधीतरी याच ताईंनी रात्री जागून, कागदावर चार वेळा खोडून काढलेलं डिझाइन पुढच्या चौकातल्या पुतळ्यावर चढलेलं त्यांना दिसतं, दोनशे रुपये स्वस्त. तेव्हा त्यांच्या पोटात तुटतं. दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या वाट्याला येतात, कित्येकदा एकाच हंगामात.

फॅशनमधल्या नकलेबद्दल लिहिताना ही गोष्ट सतत डोळ्यांपुढे ठेवावी लागते. चोर एका बाजूला आणि साव दुसऱ्या बाजूला, अशी सोपी वाटणी इथे नाही. या धंद्यातला प्रत्येक जण कुणाकडून तरी उचलतो आणि प्रत्येकाकडून कुणीतरी उचलतं. म्हणून ‘नक्कल बंद करा’ ही मागणी मी या पुस्तकात कुठेही केलेली नाही. ती पूर्ण होणारी नाही आणि पूर्ण व्हावी असंही मला वाटत नाही. माझं म्हणणं वेगळं आहे. नक्षी फिरू द्यावी. पण ती कुणाच्या हातची आहे, कशी बनली आहे, याबद्दल खोटं बोलून जो कमावतो त्याला अडवावं. आणि ज्याने खरोखर नवं काही काढलं, त्याला त्या नव्याची कमाई काही वर्षं तरी बिनघोर मिळावी. या दोन गोष्टी कायद्याने कितपत साधल्या आहेत, कुठे घोडं अडलं आहे आणि आपल्या हातात काय आहे, हे सांगण्यासाठी हे पुस्तक लिहिलं.

उदाहरण शोधायला मला लांब जावं लागलं नाही. इंदिरानगरच्या बोगद्यातून बाहेर पडून संभाजीनगरचा रस्ता धरला की निफाड, विंचूर मागे टाकत सुमारे ८५ किलोमीटरवर येवला येतं. राघोजी नाईकांनी वसवलेलं आणि विणकरांना आश्रय देऊन वाढवलेलं हे गाव आज पैठणीचं सगळ्यात मोठं ठिकाण आहे. पैठणी हे नाव गोदाकाठच्या पैठणचं, पण माग जास्त करून चालतात ते येवल्यात आणि नागडे, बल्हेगाव यांसारख्या आसपासच्या गावांत.

पैठणीच्या पदराकडे नीट पाहिलं तर उसनवारीचा सगळा इतिहास त्यात सापडतो. पदरावरचं कमळ अजिंठ्याच्या भित्तिचित्रांशी नातं सांगतं. हुमा परिंदा मोगलांच्या चित्रविश्वातून आला. आसावलीची फुलवेल पेशवाईत बहरली. निजामाच्या घराण्यातल्या बेगम निलोफर यांनी काठापदरात नव्या नक्ष्या आणल्याचं सांगितलं जातं. बांगडी मोर, मुनिया, कोयरी, नारळी काठ यांतल्या कशाचाही मूळ मालक आज दाखवता येणार नाही. ‘हा मोर पहिल्यांदा मी काढला’ असं म्हणण्याचा हक्क कुणालाच नाही, आणि हीच पैठणीची श्रीमंती आहे. जर अजिंठ्याच्या चित्रकाराच्या वारसांना कमळावर हक्क लावता आला असता, तर पैठणीचा पदर कोराच राहिला असता. उसनं घेण्याला बंदी घालणारा कायदा अशा परंपरांच्या मुळावरच येईल.

मग येवल्याच्या विणकराकडून चोरीला काय जातं? त्यासाठी मागाजवळ बसून पाहावं लागतं. साध्या साडीत धोटा या काठापासून त्या काठापर्यंत एका फेकीत जातो. पैठणीच्या पदरात तसं होत नाही. मोराच्या मानेचा निळा, पिसाऱ्याचा हिरवा, चोचीचा लाल अशा प्रत्येक रंगाच्या रेशमाची वेगळी तिल्ली असते. विणकर ताण्याचे धागे मोजतो, तिल्ली तेवढ्याच धाग्यांमधून हाताने काढतो आणि दुसरा रंग जिथे भेटतो तिथे दोन धागे एकमेकांत अडकवतो. मग पुढची तिल्ली, पुढची मोजणी. एक ओळ पूर्ण झाली की ती ठोकायची आणि पुन्हा पहिल्या काठापासून सुरुवात. भरगच्च पदर असेल तर दिवसभर बसूनही तो इंच-दोन इंचच पुढे सरकतो. साध्या काठाची साडी काही आठवड्यांत उतरते. अंगभर नक्षी असलेल्या साडीला अनेक महिने लागतात, कधी वर्षही उलटतं. धागे एकमेकांत असे गुंतलेले असल्यामुळे पदर उलटा केला तरी मोर तसाच दिसतो, मागे लोंबणारे धागे नसतात. यंत्रमागावरच्या पदराच्या पाठीला सुटे धागे लोंबतात, किंवा ते कापल्याच्या खुणा दिसतात. हा फरक लहान मुलालाही दाखवता येतो. दुकानात मात्र तो क्वचितच कुणी दाखवतं.

या यंत्रमागावरच्या साडीला बाजारात ‘सेमी पैठणी’ म्हणतात. मोर तोच, रंग तेच, काठ तोच. किंमत मात्र दहाव्या, विसाव्या हिश्शाची. २००४ पासून ‘होम मिनिस्टर’ या कार्यक्रमाने झी मराठीवरून पैठणीचं नाव घराघरांत पोचवलं आणि जिने कधी माग पाहिला नाही तिलाही आपल्या कपाटात एक पैठणी असावी असं वाटू लागलं. ही इच्छा रास्त आहे. दोन हजार रुपयांत मोराचा पदर खांद्यावर घेऊन मंगळागौरीला मिरवणारी बाई कुणाचंही काही चोरत नाही. तिच्यासाठी साडी बनवणाऱ्या यंत्रमागवाल्यालाही मी सरसकट गुन्हेगार म्हणणार नाही. पण तीच साडी ‘हातमागाची, येवल्याची, अस्सल’ असं सांगून बारा-पंधरा हजारांना विकली जाते तेव्हा दोन माणसं लुबाडली जातात. गिऱ्हाइकाचे पैसे जातात. आणि ज्याने पदर खरोखर तिल्लीने विणला त्या विणकराला, ‘अहो, पलीकडे तर याच्या निम्म्यात मिळते’ हे ऐकून घ्यावं लागतं. त्याच्या दिवसांची किंमत त्या एका वाक्यात पडते. मोर कुणीही काढावा. पण पदरावर खर्ची पडलेल्या महिन्यांची मजुरी दुसऱ्याच्या गल्ल्यात जाऊ नये. पुस्तकाच्या नावाचा अर्थ एवढाच आहे.

कायद्याने या बाबतीत एक मोठं हत्यार दिलं आहे : भौगोलिक मानांकन, ज्याला सगळे जीआय म्हणतात. वस्तूची ओळख, गुण किंवा लौकिक तिच्या प्रदेशाशी बांधलेला असेल तर त्या नावाला संरक्षण देणारा हा कायदा १९९९ मध्ये संमत झाला आणि सप्टेंबर २००३ पासून लागू आहे. महाराष्ट्रात सोलापुरी चादरीला ते आधी मिळालं. पैठणीला २०१० मध्ये. आपल्या जिल्ह्यात नाशिकची द्राक्षं आणि लासलगावचा कांदाही याच यादीत आहेत. नोंदणी दहा वर्षांची असते आणि पुन्हा पुन्हा वाढवता येते. खोटं मानांकन लावणाऱ्याला कैदेची आणि दंडाची तरतूदही कायद्यात आहे.

पण या हत्याराची धार नेमकी कुठे आहे हे समजून घ्यायला हवं. जीआय नावाचं रक्षण करतं, नक्षीचं नाही. यंत्रमागावरच्या साडीला ‘पैठणी’ म्हटलं तर कायदा आड येऊ शकतो. तीच साडी ‘मोरपदर सिल्क’ म्हणून विकली तर जीआयला तिथे फारसं काम उरत नाही. पुष्कळ विणकरांना आणि व्यापाऱ्यांनाही हा फरक ठाऊक नसतो. ‘जीआय मिळालंय, आता कुणी मोर काढू शकत नाही’ असा समज मी अनेकदा ऐकला आहे. तो खरा नाही, आणि वर सांगितलेल्या कारणांसाठी तो खरा असूही नये. दुसरी बाब याहून महत्त्वाची. मानांकन मिळवणारी संस्था ही नोंदणीकृत मालक असते. प्रत्यक्ष विणणाऱ्याने स्वतःचं नाव ‘अधिकृत वापरकर्ता’ म्हणून वेगळं नोंदवावं लागतं. ते नोंदलं की नाव वापरण्याचा हक्क तर मिळतोच, शिवाय खोटं नाव लावणाऱ्यावर स्वतः दाद मागता येते. २०२० मध्ये या अर्जाचं शुल्क ५०० रुपयांवरून १० रुपये करण्यात आलं. दहा रुपयांत मिळणारा एवढा मोठा हक्क घ्यायचा राहून जातो, याला कारण शुल्क नाही. अर्ज, पुरावे आणि चेन्नईतली नोंदणी कचेरी या साखळीची सवय मागावर बसणाऱ्या माणसाला नसते, हे खरं कारण. या पुस्तकाचं तिसरं प्रकरण त्या अर्जासाठी खर्च केलं आहे.

अधिकृत वापरकर्त्याचं महत्त्व किती, हे कोल्हापुरी चपलेने साऱ्या देशाला दाखवलं. जून २०२५ मध्ये मिलानमधल्या पुरुषांच्या फॅशन शोमध्ये प्रादा या इटालियन कंपनीच्या मॉडेलांच्या पायांत जे आलं, ते पाहून कोल्हापुरात कुणालाही शंका आली नाही : हे आपलंच पायताण. कंपनीच्या वर्णनात मात्र कोल्हापूर नव्हतं, महाराष्ट्र नव्हता, भारत नव्हता. होती ती फक्त चामड्याची सँडल. गदारोळ उठला. महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्सने पत्र पाठवलं आणि उत्तरादाखल कंपनीने प्रेरणा भारतीय हस्तकलेची असल्याचं मान्य केलं. जनहित याचिका मुंबई उच्च न्यायालयात गेली आणि जुलैमध्ये फेटाळली गेली. मुद्दा असा की कोल्हापुरी चपलेचं मानांकन २०१९ चं. त्याचे नोंदणीकृत मालक महाराष्ट्राचं संत रोहिदास चर्मोद्योग व चर्मकार विकास महामंडळ आणि कर्नाटकचं लिडकर हे चर्मोद्योग महामंडळ. दोन्ही राज्यांतल्या प्रत्येकी चार अशा आठ जिल्ह्यांचं ते सामाईक मानांकन आहे. हक्क ज्याचा, त्याने दाद मागावी. तिऱ्हाइताने नाही, असा न्यायालयाचा रोख होता. कायद्याच्या दृष्टीने हे बरोबर आहे. म्हणूनच हक्क कागदावर आपल्या नावाने असणं किती गरजेचं आहे, ते त्यातून कळतं.

पुढे डिसेंबर २०२५ मध्ये प्रादाने या दोन्ही महामंडळांशी करार केला. महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या कारागिरांकडून सुमारे २,००० जोड बनवून घेण्याचं आणि ते जोडामागे साधारण ८०० युरोला विकण्याचं जाहीर झालं. या घटनेकडे मी विजय म्हणून पाहत नाही, पराभव म्हणूनही नाही. एक गोष्ट मात्र स्पष्ट झाली. भारतातलं मानांकन भारतापुरतं असतं. मिलानमध्ये त्याची सक्ती नव्हती. कंपनीला टेबलावर आणलं ते लोकांच्या आवाजाने. नाव घ्या, हे लोकांनी ठासून सांगितलं. मग काम द्या, हे त्यापुढे आलं. आता युरोपीय संघाने हस्तकलेच्या आणि औद्योगिक वस्तूंसाठीही भौगोलिक मानांकनाची दारं १ डिसेंबर २०२५ पासून उघडली आहेत. तोवर तिथे ही सोय संघाच्या पातळीवर फक्त शेतमाल, खाद्यपदार्थ आणि मद्यांना होती. कोल्हापुरी आणि पैठणी या दोघींनीही त्या दारातून आत जायला हवं, आणि ते काम सरकारी महामंडळांनी अंगावर घ्यायला हवं; एकट्यादुकट्या कारागिराला ते झेपणारं नाही.

आता इंदिरानगरातल्या ताईंकडे परत येऊ. त्यांचं डिझाइन परंपरेचं नाही, त्यांचं स्वतःचं आहे. त्यांना जीआयचा उपयोग नाही. त्यांच्यासाठी दोन कायदे आहेत : १९५७ चा कॉपीराइट कायदा आणि २००० चा डिझाइन कायदा. या दोघांच्या सांध्यात एक खड्डा आहे आणि भल्याभल्यांचा पाय त्यात अडकला आहे.

कागदावर काढलेलं चित्र ही कलाकृती असते. त्यावर कॉपीराइट आपोआप मिळतो, नोंदणीची सक्ती नाही, आणि तो चित्रकाराच्या हयातीत व त्यानंतर साठ वर्षं टिकतो. पण कॉपीराइट कायद्याचं कलम १५(२) सांगतं की जे डिझाइन नोंदवता येण्याजोगं असूनही नोंदवलं नाही, त्याच्या वस्तू मालकाने किंवा त्याच्या परवानगीने औद्योगिक प्रक्रियेने पन्नासपेक्षा जास्त वेळा बनवल्या की त्या डिझाइनवरचा कॉपीराइट संपतो. एक्कावन्नावा पीस तयार झाला आणि हक्क गेला. हे किती महागात पडतं, ते २०१६ मधल्या रितिका विरुद्ध बिबा या दिल्ली उच्च न्यायालयातल्या खटल्यात दिसलं. रितिका ही रितू कुमार यांची कंपनी. आपल्या छापांची आणि रेखाटनांची नक्कल झाली असं तिचं म्हणणं होतं. डिझाइनची नोंदणी नव्हती आणि पीस पन्नासाच्या वर गेलेले होते. न्यायालयाने दावा नाकारला. याउलट २००८ मध्ये तरुण ताहिलियानी यांच्या कंपनीला त्याच न्यायालयात संरक्षण मिळालं होतं, कारण त्यांचे कपडे मोजकेच, पन्नासाच्या आत बनलेले होते. कलाकृती कुठे संपते आणि डिझाइन कुठे सुरू होतं, हा वाद पुढे सर्वोच्च न्यायालयात गेला आणि एप्रिल २०२५ मध्ये क्रायोगॅस विरुद्ध आयनॉक्स या निकालात ते ठरवण्याची कसोटी न्यायालयाने घालून दिली. तरी पन्नासाचा आकडा कायद्यात जिथे होता तिथेच आहे.

हा नियम अन्यायाचा वाटतो, आणि यशस्वी डिझायनरच्या बाबतीत तो आहेही : जितकं खपलं तितका हक्क लवकर गेला. पण हाच आकडा मी मागाच्या बाजूने वाचला तेव्हा मला त्यात विणकराची एक ताकद दिसली. डिझाइन कायद्याच्या व्याख्येत हाताने केलेली प्रक्रियाही येते, म्हणजे हातमागावरचे नगही मोजले जातील असं धरून चालू. आता ज्याच्या घरी एक माग आहे आणि ज्याचा एक पदर पुरा व्हायला महिने लागतात, तो स्वतःच्या नव्या नक्षीचे पन्नास पदर कधी विणणार? त्याला कित्येक वर्षं लागतील. तोवर त्या नव्या नक्षीच्या रेखाटनावरचा कॉपीराइट त्याच्याकडेच राहतो. यंत्रमागवाल्याने त्याच्या परवानगीशिवाय त्याच नक्षीच्या पाचशे साड्या काढल्या तरी त्या या मोजणीत धरल्या जात नाहीत, कारण मोजायचे ते मालकाचे किंवा त्याच्या परवानगीचे नग. शिवाय कॉपीराइटचा दावा लावायला प्रतिवादीच्या गावी जावं लागत नाही. कलम ६२ प्रमाणे वादी जिथे राहतो किंवा धंदा करतो तिथल्या न्यायालयात तो लावता येतो. येवल्याच्या विणकराला सुरतेला किंवा बंगळुरूला खेटे घालायची गरज नाही, नाशिकच पुरे. अट एकच : नक्षी खरोखर त्याची हवी. बांगडी मोर जसाच्या तसा काढून त्यावर हक्क सांगता येणार नाही. पण त्याने स्वतः आखलेली नवी मांडणी, नव्या आकृतीचा ग्राफ असेल, तर तो कागद तारीख आणि सही घालून जपून ठेवला पाहिजे. पुष्कळ घरांत असे ग्राफ काम संपल्यावर पुन्हा पाहिले जात नाहीत. तो कागद म्हणजे पुरावा आहे, आणि न्यायालयात पुराव्याशिवाय पान हलत नाही.

ज्यांचा माल पन्नासाच्या वर जाणार, त्या बुटीकवाल्यांनी मात्र डिझाइनची नोंदणी करावी. एकट्या व्यक्तीसाठी अर्जाचं शुल्क १,००० रुपये आहे, नोंदणी दहा वर्षांची आणि पुढे पाच वर्षं वाढवता येते. इथे सगळ्यात जास्त फसगत होते ती क्रमाची. डिझाइन अर्जाच्या तारखेपर्यंत कुठेही प्रसिद्ध झालेलं असता कामा नये. नवं डिझाइन तयार झालं की आधी इन्स्टाग्रामवर टाकायचं, व्हॉट्सॲपच्या स्टेटसला ठेवायचं, प्रदर्शनात मांडायचं आणि खप दिसला की मग नोंदणीचा विचार करायचा, ही आपली रीत. कायद्याला उलटा क्रम हवा आहे : आधी अर्ज, मग फोटो. प्रदर्शनासाठी कायद्यात एक सवलत आहे, पण तीही डिझाइन कंट्रोलरला आगाऊ कळवलं असेल आणि सहा महिन्यांत अर्ज केला असेल तरच. तहान लागल्यावर विहीर खणायला घेतली तर इथे पाणी लागत नाही. आणि नक्कल सिद्ध झालीच तर? ठरावीक रक्कम मागण्याच्या मार्गाने एका डिझाइनमागे जास्तीत जास्त ५०,००० रुपये मिळू शकतात; त्याहून जास्त हवं तर नुकसानभरपाईचा आणि मनाईहुकमाचा दावा लावावा लागतो. २००० साली घातलेली ही मर्यादा आजच्या धंद्याला शोभणारी नाही, आणि ती बदलली जावी असं मी स्पष्टपणे म्हणते.

बाहेरच्या देशांत यावर वेगवेगळी उत्तरं शोधली गेली आहेत. युरोपीय संघात न नोंदवलेल्या डिझाइनलाही पहिल्यांदा लोकांपुढे आल्यापासून तीन वर्षं नकलेविरुद्ध संरक्षण मिळतं. फॅशनच्या दोन-तीन हंगामांना ते पुरून उरतं. अमेरिकेत कपड्याच्या कटिंगला कॉपीराइट नाही, पण २०१७ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने चीअरलीडरांच्या गणवेशावरच्या पट्ट्यापट्ट्यांच्या नक्षीला तो मिळू शकतो असं ठरवलं. नोव्हेंबर २०२४ मध्ये रियाधला झालेल्या डिझाइन कायदा करारात, डिझाइन लोकांसमोर आल्यानंतरही अर्ज करायला बारा महिन्यांची मुभा असावी, असं तत्त्व मान्य झालं. आपल्या ताईंना सगळ्यात जास्त गरज आहे ती नेमकी याच मुभेची. छोटा धंदेवाला आधी विकून पाहतो, मग गुंतवतो. कायद्याने त्याच्या या सवयीला एक वर्ष तरी माफ करायला हवं.

मोठी नावं लहानांकडून उचलतात, हे फक्त कोल्हापूरपुरतं नाही. दिल्लीच्या ‘पीपल ट्री’ या स्टुडिओने आपली ठशांनी छापलेली योगासनांची नक्षी दिओर कंपनीच्या पोशाखावर पाहिली, २०१८ मध्ये हे गाजलं आणि पुढे न्यायालयाबाहेर तडजोड झाली. ती नक्षी नवी होती आणि तिचे कर्ते माहीत होते, म्हणून मोठ्या कंपनीला उत्तर द्यावं लागलं. जिथे कर्त्याचं नावच कुठे नोंदलेलं नसतं, तिथे मोठ्या कंपनीला उत्तर द्यावं लागत नाही. म्हणून या पुस्तकातल्या प्रत्येक सल्ल्याच्या मुळाशी एकच गोष्ट आहे : नाव घाला, तारीख घाला, कागद ठेवा.

आणखी एका कायद्याचा उल्लेख करायला हवा, कारण तो जवळपास विस्मरणात गेला आहे. १९८५ चा हातमाग आरक्षण कायदा. साडीसह काही प्रकारची वस्त्रं ठरावीक तपशिलांसह फक्त हातमागासाठी राखून ठेवणारा हा कायदा आहे. आधी २२ प्रकार राखीव होते, आता ११ आहेत. यंत्रमागवाल्यांनी त्याला आव्हान दिलं आणि सर्वोच्च न्यायालयाने १९९३ मध्ये तो वैध ठरवला. म्हणजे विणकराच्या बाजूने कायदा आहे, न्यायालयाचा निर्णयही आहे. उणीव आहे ती तपासणीची आणि अंमलबजावणीची. नवा कायदा मागण्यापूर्वी हा जुना कायदा बाजारपेठेत दिसू लागावा, अशी मागणी विणकरांच्या संस्थांनी लावून धरली पाहिजे.

पण माझा सगळ्यात जास्त भरवसा गिऱ्हाइकावर आहे. पुस्तकाचं शेवटचं प्रकरण खास त्यांच्यासाठी लिहिलं. पदर उलटा करून बघा. हातमागाचं चिन्ह आणि रेशमाचं सिल्क मार्क आहे का ते विचारा. बिलावर ‘हातमाग’ किंवा ‘यंत्रमाग’ यांतला एक शब्द लिहून मागा. हा एक शब्द दुकानदाराला बांधतो. हातमाग म्हणून यंत्रमाग गळ्यात मारला गेला असेल, तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे तक्रार करता येते, वकील लावण्याची सक्तीही नाही. सेमी घ्यायची असेल तर खुशाल घ्या, पण सेमीच्या किमतीला आणि सेमी म्हणून. आणि बुटीकमध्ये मोबाइल पुढे करताना ‘सेम टू सेम’ऐवजी ‘असं काहीतरी, पण तुमच्या पद्धतीने’ एवढं म्हणा. ताईंना त्यांची कला दाखवायला वाव मिळेल आणि तुम्हाला असा ब्लाउज मिळेल जो दुसऱ्या कुणाच्या अंगावर दिसणार नाही.

हे पुस्तक कायद्याचं भाष्य नाही. वकिलांसाठी जाडजूड ग्रंथ आहेत; इथे कलमांचे आकडे गरजेपुरते आहेत आणि प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी ‘उद्या सकाळी काय कराल’ अशी छोटी यादी आहे. पैठणी आणि कोल्हापुरी यांच्यावर भर दिला, कारण त्यांचा प्रश्न मला जवळून पाहता आला. हिमरू, इरकल, करवतकाठी यांचे प्रश्न याच जातीचे असले तरी त्यांच्यावर अधिकाराने लिहिणाऱ्यांनी लिहावं. कायदे बदलतात, शुल्कं बदलतात; अर्ज करण्यापूर्वी त्या दिवशीचा नियम तपासून घ्यावा.

येवल्यातल्या ज्या विणकरांनी माग थांबवून माझ्या प्रश्नांना उत्तरं दिली, त्यांच्या त्या तासांची मजुरी बुडाली, याची मला जाणीव आहे. इंदिरानगरातल्या ज्या बुटीकवाल्या मैत्रिणींनी आपल्या वह्या उघडून दाखवल्या, आपण कुठून काय उचललं हेही मोकळेपणाने सांगितलं, त्यांच्यामुळे या पुस्तकाला एकतर्फी तक्रारीचं रूप आलं नाही. हे पुस्तक वाचून एका विणकराने जरी दहा रुपयांचा तो अर्ज भरला आणि एका ताईने जरी फोटो टाकण्याआधी नोंदणी केली, तर त्या तासांची काही अंशी परतफेड झाली असं मी समजेन.

इंदिरानगर, नाशिक